बाँड, अण्णा आणि लेकीचा प्रश्न

ताई,

माझं वय ४६. मी जेम्स बाँडचा भक्त आहे, दुसरा शब्द नाही. पंचवीसच्या पंचवीस चित्रपट घरात आहेत आणि त्यातला कुठलाही मधूनच लावला तरी पुढचा संवाद मी सांगू शकतो. हे वेड मला वडिलांकडून, अण्णांकडून मिळालं. लहानपणी त्यांनी व्हिडिओ कॅसेटवर मला ‘गोल्डफिंगर’ दाखवला. तो त्यांचा सगळ्यात लाडका. ‘गोल्डनआय’ हा आम्ही दोघांनी थिएटरात जाऊन बघितलेला पहिला. ‘नो टाइम टू डाय’सुद्धा एकत्र बघायचा ठरला होता, एप्रिल २०२० मध्ये. तो पुढे पुढे ढकलला गेला आणि त्या डिसेंबरात अण्णा गेले. शेवटी २०२१ मध्ये चित्रपट आला तेव्हा मी दोन तिकिटं काढली, एकटाच गेलो आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवली. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, यायचं म्हणून मागे लागली होती. तिला म्हटलं, पुढच्या वेळी नेतो.

आता ती सतरा वर्षांची आहे. महिन्यापूर्वी मी मोठ्या हौसेने तिच्यासाठी ‘गोल्डफिंगर’ लावला. गवताच्या कोठारातला प्रसंग आला आणि ती उठून उभी राहिली. म्हणाली, “बाबा, ती नको म्हणतेय. हे तू आवडीने बघतोस? आजोबांनाही यात काही खटकलं नाही?” माझा तोल गेला. ‘तुला काय कळतं, तो काळ वेगळा होता’ असं बरंच बोललो. तेव्हापासून ती माझ्याबरोबर काहीच बघत नाही. जेवढ्यास तेवढं बोलते.

जुना चित्रपट त्याच्या काळात ठेवून बघायचा असतो, हे तिला कसं समजावू? एवढं वेड बाळगण्यात माझं काही चुकतंय का? आणि आता मालिकेचा कारभार नव्या हातात गेलाय, बाँडही नवा येणार. वाटतं, अण्णांबरोबर आपलंही संपलं असं समजून हात झटकावेत का?

— एक बाँडवेडा बाप

* * *

प्रिय बाँडवेडे बाबा,

तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी ‘गोल्डफिंगर’ पुन्हा बघितला. तुम्हाला उत्तर द्यायचं तर तो प्रसंग नीट आठवणीत हवा, असं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही हे चित्रपट फार आवडतात. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके सरकत येतात, बंदुकीच्या नळीतून तो चालताना दिसतो, वळतो, गोळी झाडतो आणि व्हिक फ्लिकची गिटार सुरू होते, तेव्हा आजही मी खुर्चीत सरसावून बसते. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते बाहेरून बघणाऱ्या बाईचं मत समजू नका.

मुलीला कसं समजावू, असं तुम्ही विचारलंत. पण तिला न समजलेलं काहीच नाही. तिने तो प्रसंग अगदी बरोबर वाचला. ऑनर ब्लॅकमनची पुसी गॅलोर, खलनायकाची वैमानिक, बाँडला नकार देते, झटापट होते, ती त्याला ढकलत राहते आणि तो थांबत नाही. एवढ्यावर भागलं असतं तर ‘एक प्रसंग डोळ्यांआड करा’ असं म्हणता आलं असतं. पण त्या चित्रपटाचं अख्खं कथानक याच प्रसंगावर उभं आहे. यानंतर ती बाजू बदलते, विमानांतले विषारी वायूचे डबे बदलते, वॉशिंग्टनला कळवते, आणि फोर्ट नॉक्सच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी सोन्याच्या तिजोरीच्या, परिसरातले हजारो सैनिक वाचतात. म्हणजे नकार देणारी बाई जबरदस्तीने वळते आणि त्यातून जग वाचतं, असं तो चित्रपट सांगतो. शेवटी शेवटी नायक त्यावर एक थट्टेचं वाक्यही टाकतो. सतरा वर्षांच्या मुलीने हे बघून गप्प बसावं, अशी अपेक्षा तुमचीही नसेल.

‘तो काळ वेगळा होता’ हे वाक्य पुरतं खोटं नाही. १९६४ मध्ये तो प्रसंग लिहिला गेला, चित्रित झाला, लोकांना चालला, याचं कारण काळात आहेच. पण त्यातून एवढंच कळतं की तो प्रसंग कसा घडला. आज तो बघताना कुणाला काय वाटावं, हे त्यातून ठरत नाही. आणि त्या काळातही सगळं एका रंगाचं नव्हतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पहिल्या दोन चित्रपटांच्या पटकथालेखनात जोहाना हारवुड ही बाई होती. पाचच वर्षांनी, १९६९ मध्ये, ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये डायना रिगची ट्रेसी आली, बाँड जिच्याशी लग्न करतो ती. बर्फावरच्या शर्यतीत गाडी ती चालवते आणि बाँड शेजारी बसतो. खलनायकाच्या डोंगरमाथ्यावरच्या अड्ड्यात ती स्वतःच्या हाताने मारामारी करते. तो काळ ट्रेसीचाही होता. आणि त्याच काळात ‘डॉ. नो’मधल्या उर्सुला अँड्रेसचा बोलण्याचा आवाज निक्की व्हॅन डर झिल नावाच्या दुसऱ्याच बाईचा होता. समुद्रातून चालत येणारी ती बाई जगभर पोस्टरवर झळकली, पण तिच्या तोंडी तिचा स्वतःचा आवाज नव्हता. तुमची मुलगी जे विचारतेय त्याचं एक उत्तर याही माहितीत आहे. एवढं सगळं माहीत असलेल्या बापाकडे तिला सांगण्यासारखं केवढं काही होतं! आणि तुम्ही तिला म्हणालात, तुला काय कळतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी मला तुम्हालाच एक विचारायचंय. १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ तुम्ही किती वेळा बघितलात? उदयपूर आहे, तलावातला महाल आहे, कबीर बेदी आहे, विजय अमृतराज आहे. आपली माणसं, आपली जागा बाँडपटात दिसली याचा आनंद आपल्या सगळ्यांनाच झाला. मलाही झाला. पण तो पाठलाग आठवा. खिळ्यांची शय्या, तलवार गिळणारा, निखारे, आणि गर्दीवर उधळलेल्या नोटा. त्याआधी जुगारात जिंकलेले पैसे भारतीय सहकाऱ्याला देताना बाँड झालेला रॉजर मूर म्हणतो की यावर काही आठवडे तुमची करीची सोय होईल. त्या वाक्याला तुम्ही काय करता? मी सांगते मी काय करते. मी तेवढ्यापुरती दुसरीकडे बघते. आत काहीतरी टोचतं, आणि मग पुढच्या दृश्यात पुन्हा रमते. तुम्हालाही ते टोचलं असणार, कारण त्या वाक्यात थट्टा आपली आहे.

तुमच्या मुलीला कोठारातल्या प्रसंगात नेमकं तेच टोचलं. फरक एवढाच की तिने दुसरीकडे बघितलं नाही.

आता वेडाबद्दल. तुमचं वेड चुकीचं नाही. मनापासून सांगते, ते मला फार मोलाचं वाटतं. ‘गोल्डफिंगर’मध्ये प्रेम करण्यासारखं इतकं आहे की त्यासाठी कोठारातल्या प्रसंगाची वकिली करायची काही गरजच नाही. चित्रपटाचे सेट उभारणाऱ्या केन अॅडमला फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत पाऊल ठेवू दिलं नाही, तर त्याने ती मनातून उभी केली. सोन्याच्या विटांचे छताला भिडणारे ढीग आणि चकाकणाऱ्या सळ्या! खरी तिजोरी तशी असणं शक्य नाही, कारण सोनं एवढं जड की इतके उंच ढीग कुणी रचत नाही. पण तो चित्रपट बघितलेल्या माणसाच्या मनात फोर्ट नॉक्स म्हटलं की अॅडमचीच तिजोरी येते. बाँडचा जनक इयन फ्लेमिंगच्या कादंबरीत बाँडला कापायला गोल करवत होती. पडद्यावर तिच्या जागी लेझरचा किरण आला आणि पुढे किती चित्रपटांनी तो उचलला. खलनायकाचा साथीदार ऑडजॉब झालेला हॅरल्ड साकाटा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगचं रौप्यपदक मिळवलेला माणूस. जॉन बॅरीचं संगीत, शर्ली बॅसीचा तो ताणलेला शेवटचा सूर, राखाडी अॅस्टन मार्टिन. अण्णांना हे आवडत होतं. लहान मुलाला मांडीशी घेऊन त्यांनी हे दाखवलं. कोठारातल्या प्रसंगासाठी त्यांनी ती कॅसेट आणली नव्हती.

आणि माझ्या मते दुखणं इथेच आहे. तिच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य तुम्ही कदाचित ऐकून घेतलं असतंत. तोल गेला तो ‘आजोबांनाही?’ या शब्दांवर. बाँडवर कुणी काही बोललं तर तुम्ही इतक्या वर्षांत हसून वाद घातला असेल. पण त्या क्षणी ती अण्णांना जाब विचारतेय असं तुम्हाला वाटलं, आणि अण्णा उत्तर द्यायला नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने तुम्ही उत्तर दिलंत, आणि घाईघाईत ते रागाचं झालं.

अण्णांना तो प्रसंग खटकला होता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. खटकला असेल आणि लहान मुलाशी कसं बोलावं ते सुचलं नसेल. किंवा खटकलाच नसेल. दोन्ही शक्य आहे, आणि दुसरं खरं निघालं तरी तुम्हाला ज्यांनी या चित्रपटांची गोडी लावली ते अण्णा तेच राहतात. तुमच्या मुलीला हे असंच्या असं सांगा. “मला माहीत नाही, मी त्यांना कधी विचारलं नाही.” तिच्या प्रश्नाचं एवढंच प्रामाणिक उत्तर तुमच्याकडे आहे. तुम्ही स्वतः तो प्रसंग इतक्या वेळा बघितलात आणि कधी विचारलं नाहीत, हेही त्यात आलंच. ते म्हणताना जड जाईल. तरी म्हणा.

तिच्याशी बोलायला जाल तेव्हा आधी माफी मागा. आवाज चढवल्याची आणि ‘तुला काय कळतं’ या शब्दांची. माफीला ‘पण’ जोडू नका. ‘चुकलं माझं, पण तूही समजून घे’ असं म्हटलंत की मुलांच्या कानावर फक्त ‘पण’च्या पुढचं पडतं. माफी मागा आणि थांबा. ती काही बोलली तर ऐका, नाही बोलली तर त्या दिवशी तेवढंच. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत वडिलांनी मागितलेल्या माफीबद्दल मुलं वर्षांनंतरही लिहितात, आणि ज्यांना ती कधी मिळाली नाही ती तर जास्तच लिहितात.

पुढे कधीतरी ती पुन्हा शेजारी येऊन बसली, तर चित्रपट तिला निवडू द्या. तिला बाँडपट नको असेल तर नको. पण ‘तूच सुचव’ असं ती म्हणाली, तर माझं मत ‘गोल्डनआय’ला आहे. अण्णांबरोबर थिएटरात बघितलेला तुमचा पहिला. त्यातला बाँडच्या वरिष्ठाच्या, एमच्या, खोलीतला प्रसंग तुम्हाला तोंडपाठ असेल. १९८९ नंतर सहा वर्षं मालिका बंद होती. दरम्यान बर्लिनची भिंत पडली होती, सोव्हिएत संघ उरला नव्हता, बाँडचं आता कामच काय असं लोक विचारत होते. आणि १९९५ मध्ये एमच्या खुर्चीत पहिल्यांदाच एक बाई बसली, ज्युडी डेंच. ती बाँडला तोंडावर सांगते की तू बायकांना तुच्छ लेखणारा डायनोसॉर आहेस, शीतयुद्धातून मागे उरलेला अवशेष. त्याच चित्रपटात एमची सेक्रेटरी मनीपेनीही त्याला सुनावते की असल्या वागण्याला लैंगिक छळ म्हणतात.

तुमची मुलगी जे बोलली ते एमने तीस वर्षांपूर्वी बोलून ठेवलंय. तुमच्या शेजारी अण्णा बसले होते, दोघांनी ते ऐकलं, आणि बाहेर पडलात तेव्हा बाँडवरचं तुमचं प्रेम तसूभर कमी झालेलं नव्हतं.

या प्रसंगात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो त्याचा शेवट. एवढं सुनावून झाल्यावर तो निघतो, तेव्हा एम त्याला मागून हाक मारते आणि सांगते, जिवंत परत ये. ज्युडी डेंचने ते कोरड्या आवाजात म्हटलंय, कुठेही ओलावा न दाखवता, आणि तरी ऐकताना घसा दाटतो. एकाच बाईने एकाच प्रसंगात दोन्ही बोलावं यात काही विसंगत वाटत नाही. मालिकेने त्यानंतर सतरा वर्षं, ‘स्कायफॉल’पर्यंत, त्या दोघांचं नातं याच धाग्यावर विणलं. तुमच्या मुलीलाही दोन्ही बोलता यायला हवं, आणि त्यासाठी तिला खोलीबाहेर पडावं लागू नये.

मात्र एक काळजी घ्या. तो प्रसंग आला की तिच्याकडे बघून ‘बघ, आहे की नाही?’ असं करू नका. चित्रपट थांबवून माहिती सांगू नका. आपल्यासारख्या वेड्यांची ही खोड मला चांगली माहीत आहे. आतून इतकं उसळत असतं की राहवत नाही. पण वाद जिंकायला तुम्ही एमची साक्ष काढताय असं तिला वाटलं, की संपलं. तिला काय दिसायचं ते दिसेल. नाही दिसलं, किंवा अर्ध्यातच ती म्हणाली ‘बंद कर’, तर करा बंद. आणि कधी तिने आपणहून ‘ती ट्रेसी कोण?’ असं विचारलं, तर मग तुमची सगळी साठवण उघडा, रात्र झाली तरी चालेल.

तिसरा प्रश्न. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रोकोली कुटुंबाने निर्मितीची सूत्रं अॅमेझॉन एमजीएमच्या हाती दिली, दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं, आणि डॅनियल क्रेगचा बाँड तर पडद्यावर मरूनच गेला. चाहत्याला हे जड जाणारच. पण नव्या बाँडच्या भीतीचं औषध तुमच्या कपाटातच आहे. पहिल्या बाँडनंतर, कॉनरीनंतर, १९६९ मध्ये लॅझेनबी आला, अभिनयाचा अनुभव जवळपास नसलेला मॉडेल. तो एकच चित्रपट करून गेला, आणि आज तुमच्यासारखे जाणकार त्याच चित्रपटाला पहिल्या पंक्तीत बसवतात. २००५ मध्ये क्रेगचं नाव आलं तेव्हा, याचे केस सोनेरी, हा कसला बाँड, म्हणून बहिष्काराच्या गोष्टी झाल्या. वर्षभरात ‘कॅसिनो रोयाल’ आला आणि तो विषय मिटला. कारभार बदलला म्हणून पुढचा चित्रपट चांगलाच होईल, असं मी म्हणत नाही. ‘डाय अनदर डे’ बघून आपण दोघंही एकदा खट्टू होऊन घरी आलो असणार, तसं पुन्हा होऊ शकतं. वाईट निघाला तर वाईट म्हणू. पण तुम्हाला खरंतर नव्या नटाची चिंता नाही. अण्णांनी न बघितलेला तो पहिला बाँडपट असेल. नाही, चुकले. अण्णांनी न बघितलेला पहिला बाँडपट येऊन गेला, आणि तो तुम्ही रिकाम्या खुर्चीशेजारी बसून बघितलात.

त्या दिवसाबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ आहे, जाता जाता लिहिलेली. लेक मागे लागली होती, तिला म्हटलं, पुढच्या वेळी नेतो. मी तिथे बराच वेळ थांबले. तुम्ही तिला का नेलं नाहीत, ते मला कळतं. ती खुर्ची अण्णांची होती. पण हे तिला माहीत आहे का? मला वाटतं, नाही. तेरा वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं की बाबाला सगळ्यात आवडणाऱ्या गोष्टीत मला जागा नाही. त्याच चित्रपटात बाँडला मुलगी असल्याचं कळतं, पाच वर्षांची माटिल्ड. बाप गेल्यावर आई तिला गाडीतून नेताना म्हणते, तुला एका माणसाची गोष्ट सांगते. हे तुम्ही शेजारी कुणी नसताना बघितलंत, घरी आलात आणि तिला काहीच सांगितलं नाहीत. आणि चार वर्षांनी एका संध्याकाळी अचानक तिच्यासमोर ‘गोल्डफिंगर’ लावलात, तिने तो अण्णांसारखा बघावा म्हणून.

तिला त्या दोन तिकिटांबद्दल सांगा. एप्रिल २०२० ची तारीख ठरलेली असताना अण्णा काय म्हणाले होते ते सांगा. मग ती नोव्हेंबरवर गेली, मग पुढच्या एप्रिलवर, मग ऑक्टोबरवर, आणि मधल्या डिसेंबरात घरात काय झालं तेही. ते दिवस तिनेही बघितलेत, पण तुमच्या बाजूने कधी ऐकले नसतील. हे बोलताना ‘गोल्डफिंगर’चा विषय निघाला नाही तरी चालेल.

आणि हात झटकू नका. ‘पुढच्या वेळी’ असा शब्द तुम्ही तिला दिलाय, आणि पुढचा बाँड येणार आहे. दोन तिकिटं काढा. तोवर ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल, कदाचित मैत्रिणींबरोबर जाईन म्हणेल, कदाचित मुळीच नको म्हणेल. तरी विचारा.

तुमची,
ताई